जेराल्डीन आजींचा पेच

‘फ्रॉम द रूट्स अप’ या ग्राफिक नॉव्हेलमध्ये जिच्यापाशी गोष्ट अडते ती व्यक्ती खलनायक नाही, एक प्रेमळ आजी आहे. नाव जेराल्डीन. कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या मूलनिवासी समाजात ज्या ज्येष्ठांच्या शब्दाला मान असतो, पोरंसोरं अडचणीत सापडली की ज्यांच्याकडे धावतात, त्यांच्यापैकी ही एक. तिच्यासमोर आहे डेझ, शाळेत जाणारं क्री समाजातलं मूल. डेझचं सर्वस्व असलेली आजी वारली आहे, घर उरलेलं नाही, म्हणून मुक्काम निराधार मुलांच्या ग्रुप होममध्ये. आणि या सगळ्यात डेझला उमगत चाललंय की आपण टू-स्पिरिट आहोत, म्हणजे स्त्री आणि पुरुष या दोन कप्प्यांत न बसणारे.

कॅनडाच्या मैदानी प्रदेशातल्या बऱ्याच मूलनिवासी समाजांत विधींचे रिवाज स्त्री-पुरुषांसाठी वेगळे असतात. बायकांनी लांब स्कर्ट नेसून यायचं, मोठ्या ढोलाभोवती पुरुषांनी बसायचं, अशी साधारण पद्धत. जेराल्डीन आजी अशाच रिवाजांत वाढलेल्या. त्या डेझवर रागावलेल्या नाहीत. त्यांना फक्त कळत नाही, की या मुलाला कुठे बसवायचं. रिवाज मोडावा तर पूर्वजांचा अपमान, पाळावा तर समोरचं पोर तुटणार.

बारा-तेरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या या छोट्याशा पुस्तकाने नेमक्या जागी बोट ठेवलंय. मूलनिवासी लेखक आणि चित्रकार गेल्या काही वर्षांत मुलांसाठी टू-स्पिरिट व्यक्तींच्या गोष्टी सांगू लागलेत. ‘परंपरा विरुद्ध नवे विचार’ अशी त्यांची मांडणी असेल, असं आपण गृहीत धरतो. पण या पुस्तकांचा प्रश्न निराळाच आहे. ती विचारतात, आजी, हा रिवाज नक्की कुणाच्या पूर्वजांचा?

झुनींची विणकर, क्रो लोकांचा योद्धा

या प्रश्नाला आधार आहे तो इतिहासाचा. उत्तर अमेरिकेतल्या अनेक समाजांत स्त्री आणि पुरुष या दोन कप्प्यांबाहेरच्या माणसांना नाव होतं, काम होतं आणि मानही होता. नवाहो त्यांना नाडलीही म्हणत, लकोटा विंक्ते, झुनी ल्हामाना, क्रो बाते. ही नावं एकाच गोष्टीची भाषांतरं नव्हेत. प्रत्येक समाजात त्यांची कामं, अधिकार आणि विधींतलं स्थान वेगळं असे.

वेव्हाचं उदाहरण घ्या. न्यू मेक्सिकोतल्या झुनी गावात १८४९ च्या सुमारास जन्मलेली ही ल्हामाना देह पुरुषाचा घेऊन आली, पण वावरली स्त्रियांच्या वेशात. विणकामात आणि मातीच्या भांड्यांच्या कलेत तिची बरोबरी करणारे थोडेच. शिवाय धार्मिक विधींची ती मोठी जाणकार. १८८६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मटिल्डा कॉक्स स्टीव्हनसन यांच्याबरोबर ती वॉशिंग्टनला गेली, तिथे काही महिने राहिली, हातमागावर विणून दाखवलं आणि राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना भेटलीसुद्धा. वर्तमानपत्रांनी तिला ‘झुनी राजकन्या’ ठरवलं. राजधानीतल्या बड्या घरांत तिची ऊठबस झाली, पण ही बाई जन्माने पुरुष आहे हे कुणाच्या ध्यानी आलं नाही. दस्तुरखुद्द स्टीव्हनसनबाईंनाही ते कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. झुनी लोकांना ते पहिल्यापासून माहीत होतं, आणि त्यात त्यांना सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

दुसरं नाव ऑश-टिशचं. क्रो समाजातली ही बाते चामड्याच्या शिवणकामात नामांकित होती. सरदाराचा प्रशस्त तंबू शिवण्याचं काम तिच्याकडे आलं होतं. हीच व्यक्ती १७ जून १८७६ ला रोझबडच्या लढाईत लढली. पुढे १८९० च्या दशकात रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूलनिवासींसाठी राखलेल्या प्रदेशात, आलेल्या एका सरकारी एजंटने बाते मंडळींना धरून त्यांचे केस कापले, त्यांना पुरुषी कपडे चढवायला लावले आणि अंगमेहनतीला जुंपलं. तेव्हा प्रिटी ईगल या सरदाराने त्या एजंटलाच रिझर्व्हेशन सोडून जायला सांगितलं. एजंट गेला. एका सरदाराने आपल्या माणसांच्या केसांसाठी सरकारी अंमलदाराला वाट दाखवल्याचा हा प्रसंग क्रो समाज अजून सांगतो.

अशा सगळ्यांसाठी मिळून एक शब्द आला तो फार उशिरा, १९९० मध्ये. विनिपेगजवळ भरलेल्या मूलनिवासी गे आणि लेस्बियन परिषदेत ‘टू-स्पिरिट’ हे नाव स्वीकारलं गेलं. मूलनिवासी समाजातल्या मायरा लॅरामी यांना ते दृष्टांतातून मिळालं होतं. त्याआधी मानववंशशास्त्राच्या ग्रंथांतून जो शब्द चालत असे तो युरोपीय प्रवाशांनी दिलेला होता आणि त्याला शिवीचा वास होता. तो टाकून देणं हा नव्या नावामागचा एक हेतू. आपली ओळख पाश्चात्त्य ‘गे’ किंवा ‘ट्रान्सजेंडर’मध्ये पुरती बसत नाही, तिला समाजातल्या भूमिकेचं आणि श्रद्धेचं अंग आहे, हे सांगणं हा दुसरा. अर्थात सगळ्यांनाच हे नाव पटलेलं नाही. आमच्या भाषेतला जुना शब्द असताना इंग्रजी शब्द कशाला, असं म्हणणारेही आहेत, आणि मुलांच्या पुस्तकांत ही ओढाताण दिसते.

चित्र दुसऱ्यांनी काढलं तेव्हा

या लोकांची चित्रं पूर्वी निघालीच नाहीत असं नाही. निघाली, पण ती काढणारे हात परके होते. १५१३ मध्ये पनामात स्पॅनिश सरदार बाल्बोआ याने स्त्रीवेशातल्या सुमारे चाळीस जणांवर शिकारी कुत्रे सोडले. त्या शतकाच्या अखेरीस थिओडोर द ब्राय याने या प्रसंगाचं कोरीव चित्र छापलं आणि ते युरोपभर फिरलं. चित्रात एका बाजूला नटूनथटून उभे असलेले स्पॅनिश सरदार शांतपणे बघताहेत आणि खाली कुत्रे माणसं फाडताहेत. १८३० च्या दशकात अमेरिकन चित्रकार जॉर्ज कॅटलिनने सॅक आणि फॉक्स लोकांचा एक नाच रंगवला. मध्यभागी स्त्रीवेशातली व्यक्ती, भोवती तिच्या सन्मानार्थ नाचणारे पुरुष. समारंभ मानाचा, हे कॅटलिनला दिसत होतं. तरी त्याने लिहून ठेवलं, की ही चाल लवकरात लवकर नामशेष व्हावी.

पुढे कॉमिक्स आली, आणि त्यांनी मूलनिवासींचा जो अवतार केला तो आपल्याही परिचयाचा आहे. पिसांचा टोप, हातात कुऱ्हाड, तोंडात मोडकीतोडकी भाषा. ‘टिनटिन इन अमेरिका’ १९३१-३२ मध्ये क्रमशः छापून आलं. लोन रेंजरचा टोंटो त्याच दशकातला. मूलनिवासी माणूस कॉमिक्समध्ये दिसायचा तो गोऱ्या नायकाचा शत्रू म्हणून, नाहीतर शागीर्द म्हणून. त्यात टू-स्पिरिट व्यक्तीला जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणूनच मूलनिवासी लेखकांनी हेच माध्यम हाती घेणं योगायोग नाही. ज्या चौकटींनी विटंबना केली, त्या चौकटी आपल्या ताब्यात घेतल्या. विनिपेगची हायवॉटर प्रेस ही प्रकाशनसंस्था या कामात आघाडीवर आहे. डेझची गोष्ट तिनेच छापली. जिथे ‘टू-स्पिरिट’ हे नाव ठरलं, त्याच परिसरात डेझ राहतं, आणि त्याच शहरातून त्याचं पुस्तक निघतं.

शाळेने लावलेलं वळण

जेराल्डीन आजींच्या पिढीचं काय झालं, हे समजल्याशिवाय त्यांचा पेच कळणार नाही. कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निवासी शाळांची सरकारी व्यवस्था होती. चालवायची चर्चने, पैसा सरकारचा. दीड लाखांवर मूलनिवासी मुलं आईबापांपासून तोडून तिथे नेली गेली. आल्या दिवशी केस कापले जात. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. सख्ख्या भावाबहिणींनाही एकमेकांशी बोलायची चोरी. आपली भाषा बोलली की मार. मुलींना शिवण-धुणं, मुलांना शेती-सुतारकाम. सत्यशोधन आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये या सगळ्याचा अहवाल दिला आणि ९४ शिफारशी केल्या.

अशा शाळांतून पिढ्यान्पिढ्या गेल्यावर मुलांच्या मनात स्त्री-पुरुषांची एक कडक विभागणी पक्की बसली. ती चर्चची होती. पण मुलं मोठी होऊन घरी परतली तेव्हा जुनं सांगणारे म्हातारे गेले होते किंवा गप्प झाले होते. उरलंसुरलं ज्ञान आणि शाळेतलं वळण एकत्र मिसळलं, आणि पुढच्यांपर्यंत सगळंच ‘आपली परंपरा’ म्हणून पोचलं. आज कोणता धागा कुठला, हे उसवून पाहणं सोपं नाही.

स्कर्टचंच पाहा. रंगीबेरंगी फिती शिवलेला रिबन स्कर्ट हा आज कॅनडाभर मूलनिवासी स्त्रियांच्या अभिमानाचा वेश आहे. २०२० च्या डिसेंबरात सस्कॅचेवान प्रांतातली एक शाळकरी मुलगी खास पोशाखाच्या दिवशी तो घालून गेली, तर शाळेत तिला ऐकवण्यात आलं की हा काही योग्य पोशाख नव्हे. त्यावरून देशभर संताप उसळला आणि पुढे ४ जानेवारी हा ‘राष्ट्रीय रिबन स्कर्ट दिन’ ठरला. २०२३ मध्ये तो पहिल्यांदा साजरा झाला. म्हणजे एका मुलीला जो स्कर्ट नाकारला गेला म्हणून समाज उभा राहिला, तोच स्कर्ट सक्तीचा झाला की डेझसारख्या मुलाचा विधीतून पाय मागे येतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ‘स्कर्ट वाईट’ किंवा ‘स्कर्ट पवित्र’ असा एका ओळीचा निकाल लावणाऱ्या पुस्तकाला हे पेललं नसतं.

डेझ आणि मीक्वन

‘फ्रॉम द रूट्स अप’ हा ‘सर्व्हायव्हिंग द सिटी’ या मालिकेचा दुसरा भाग. लेखिका ताशा स्पिलेट यांचा वारसा क्री आणि त्रिनिदादी, तर चित्रं काढणाऱ्या नताशा डोनोव्हन या मेटी समाजाच्या. पहिल्या भागात मीक्वन आणि डेझ यांच्या जिवलग मैत्रीची ओळख होते. मीक्वन अनिशिनाबे. तिची आई बेपत्ता आहे. डेझची आजी आजारी, आणि तिच्याकडून डेझला काढून नेतील अशी टांगती तलवार. त्या धास्तीने डेझ घरी जातच नाही, आणि मीक्वनला वाटतं, आईसारखी डेझही हरवली.

ही भीती हवेतली नाही. कॅनडात बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांची, मुलींची आणि टू-स्पिरिट व्यक्तींची संख्या इतकी, की त्यासाठी राष्ट्रीय चौकशी नेमावी लागली. तिचा अहवाल २०१९ च्या जूनमध्ये आला, २३१ मागण्यांसह. विनिपेगच्या रेड नदीतून २०१४ मध्ये एका १५ वर्षांच्या मुलीचा मृतदेह बाहेर काढला गेला, तेव्हापासून त्या चौकशीच्या मागणीने जोर धरला होता.

इथे डोनोव्हन यांची चित्रं जवळून बघावीत. शहराच्या गर्दीच्या रस्त्यावर मीक्वन आणि डेझ चालताहेत, आणि त्यांच्या आजूबाजूला फिकट रंगातल्या, आरपार दिसणाऱ्या बायका आहेत. त्या हरवलेल्यांचे आत्मे. ते घाबरवत नाहीत, पाठराखण करतात. काही पुरुषांच्या भोवती मात्र विद्रूप काळसर आकृती लपेटलेल्या. हे काय आहे, हे चित्राखाली कुठेही लिहिलेलं नाही. मूलनिवासी मुलाला ते सांगावं लागत नाही. इतरांना दोन-चार पानं उलटल्यावर समजतं, आणि मग मागे जाऊन पुन्हा पाहावंसं वाटतं. गद्यात हेच लिहायचं तर लेखकाला ‘तिला वाटलं’, ‘जणू’ असे शब्द आणावे लागले असते, आणि पूर्वजांचं सोबत असणं ही कल्पना होऊन बसली असती. चित्रात ते आत्मे रस्त्यावरच्या बसइतकेच खरे आहेत.

पहिल्या भागात आणखी एक तपशील आहे, तो दुसरा भाग वाचल्यावर वेगळा दिसू लागतो. मीक्वन आणि डेझ यांनी ‘बेरी फास्ट’ बरोबरीने केलेला आहे. मुलगी वयात आली की वर्षभर बोरवर्गीय फळं खायची नाहीत, थोरल्या बायकांकडून शिकवण घ्यायची, असं हे व्रत. मुलींचंच. डेझने ते मनापासून पुरं केलं. म्हणजे डेझला परंपरा जाचक वाटते म्हणून बाहेर पडायचंय, अशी ही गोष्टच नाही. डेझला आत राहायचंय. दुसऱ्या भागात मीक्वन शाळेत आलेल्या रीएल नावाच्या मुलाच्या विचारात गुंग आहे आणि जिवाभावाच्या सोबत्याला काय होतंय ते तिला नीट समजत नाही. जेराल्डीन आजी आपल्या परीने धडपडतात. पुस्तकाचा भर आजींना हरवण्यावर नाही, समाजाने विसरलेली शिकवण नव्याने शिकण्यावर आहे. शीर्षकातली मुळं तीच.

मणी, नाच आणि दगड

याहून लहान मुलांसाठी सचित्र पुस्तकं आहेत. कोजा आणि एंजल अडेयोहा यांचं ‘४७,००० बीड्स’ २०१७ चं. त्यातली पेटन ही लकोटा मुलगी पॉववॉवमध्ये, म्हणजे नाचगाण्याच्या मोठ्या मेळ्यात, आताशा फारशी नाचत नाही. का, तर तिला झगा नकोसा झालाय. हे आधी आत्याच्या लक्षात येतं. ती भाषण देत नाही. ओळखीच्यांना गाठते आणि पेटनला शोभेल असा नाचाचा पोशाख करवून घेते. शीर्षकातला आकडा मण्यांचा आहे. मणीकाम ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, की इतके मणी ओवायचे तर किती जणांचे हात आणि किती रात्री लागतात. समाजाने मुलाला स्वीकारलं हे वाक्य पुस्तकाला लिहावंच लागत नाही.

२०२२ चं ‘फिनिक्स गेट्स ग्रेटर’ हे अनिशिनाबे आई मार्टी विल्सन-ट्रूडो यांनी आपला मुलगा फिनिक्स याच्या साथीने लिहिलं. त्यांच्याच घरची गोष्ट. नाचायला आवडणाऱ्या मुलाला आई सांगते, की आपल्या लोकांत अशांना पूर्वीपासून स्थान आहे.

हवाईचं ‘कापाएमाहू’ हे त्याच वर्षीचं पुस्तक जरा बाजूचं, कारण तिथले माहू हे टू-स्पिरिट नव्हेत, त्यांची परंपरा पॉलिनेशियाची. पण गोष्ट त्याच जातकुळीची. ताहितीकडून आलेल्या चार माहू वैद्यांनी लोकांना बरं केलं, त्यांच्या आठवणीसाठी वाईकीकीच्या किनाऱ्यावर चार प्रचंड शिळा उभारल्या गेल्या. १९४१ मध्ये त्या शिळांवर बोलिंगचं खेळघर उभं राहिलं. पुढे शिळा बाहेर आल्या, फलक लागला, पण ते वैद्य माहू होते हा तपशील गाळला गेला. हिनालेइमोआना वॉन्ग-कालू यांनी सहकाऱ्यांसह आधी त्यावर अॅनिमेशनपट केला, मग हवाईयन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत पुस्तक.

आपल्याकडून वाचताना

मराठी वाचकाला इथे तृतीयपंथी, जोगते आठवणार, ते साहजिक आहे. एक दुवा खराही आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातच हिजड्यांची नोंदणी करण्याची तरतूद घातली होती, आणि त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सरकारी एजंट बाते मंडळींचे केस कापत होता. दोन्हीकडे राज्यकर्त्यांना माणसं ठरावीक रकान्यांत बसलेली हवी होती. पण साम्य इथवरच. टू-स्पिरिट म्हणजे तिकडचे हिजडे, असं म्हटलं की दोन्ही समाजांवर अन्याय होतो. व्यवसाय, गुरुपरंपरा, देवता, घराशी असलेलं नातं, सगळंच निराळं. डेझला आपला समाज सोडून वेगळ्या जमातीत जायचं नाही. त्याच समाजात, जेराल्डीन आजींच्या शेजारी बसायचंय.

या पुस्तकांना एक धोकाही आहे. मागणी वाढली, की कथेत एखादं टू-स्पिरिट पात्र नुसतं हजेरीपुरतं घालण्याचा मोह होतो. नाव, पंथ, भाषा काहीच नसलेलं पात्र, पाठीवर फक्त चिठ्ठी. चांगलं पुस्तक ओळखायची खूण सोपी आहे. ते मूल कोणत्या समाजाचं, त्या समाजात अशा व्यक्तीचं काम काय होतं, आणि आज त्याच्या बाजूने कोणता मोठा माणूस उभा राहतो, या तीन गोष्टी पुस्तकात सापडल्या पाहिजेत. डेझच्या आणि पेटनच्या गोष्टींत त्या सापडतात.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘सर्व्हायव्हिंग द सिटी’चा पहिला भाग आधी वाचावा, दुसरा नंतर. पहिला टाळला तर डेझ फक्त ओळखीच्या प्रश्नाशी झगडणारं मूल वाटेल. दोन्ही वाचले तर लक्षात येईल, की ज्या शहरात आपली माणसं हरवतात तिथे आपल्या समाजातली जागा हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. आणि घरात दहा-बारा वर्षांचं कुणी असेल, तर पुस्तक त्याच्याही हाती द्या. जेराल्डीन आजींना जे अवघड जातं, ते मुलांना तितकं अवघड जात नाही.